निळे पाणी आणि मामंजींचे श्राद्ध

तिरुवल्लिकेणी, मद्रास
६ फेब्रुवारी १९६१

ती. आत्याबाईंना,

नमस्कार. शिरसाष्टांग समोर याल तेव्हा घालीन, कागदावर आडवे पडून काय उपयोग!

तुम्ही तंजावरला निघून गेल्यापासून तुमच्या चिरंजीवांनी थोरल्या भावोजींना दोन पत्रे टाकली, दोन्ही इंग्रजीत. ऑफिसात बसून बसून ह्यांना आता आईची खुशालीही इंग्रजीतच विचारता येते. भावोजींचे उत्तर आले की आई बरी आहे, हवापालटाला आली म्हणते. हवापालट! समुद्राचा वारा सोडून तंजावरच्या डासांत कोण जाते हवापालटाला? पण वाचून मला फार बरे वाटले. म्हणजे खरे कारण तुम्ही कुणालाच सांगितले नाहीत. थोरल्या जाऊबाईंच्या, कनकाक्कांच्या घरात राहून कनकाक्कांनाही नाही. रागावून गेलात तरी माझी अब्रू झाकून ठेवलीत, एवढ्यावर मी आठवडाभर खूष आहे.

तुमची भीती मला कळते, म्हणून हे पत्र मराठीत. आपल्या घरात मराठी वाचणाऱ्या आता तुम्ही नि मी दोघीच उरलो. भावोजी नि हे मराठी बोलतात, पण अक्षर पाहिले की जांभया देतात. कनकाक्का तमिळ वाचतात, त्यांची मुले तर मराठीत भांडतसुद्धा नाहीत. तेव्हा पत्र पाटावर उघडे टाकून देवळात गेलात तरी चालेल. माझ्या मराठीला पुण्याची बाई हसेल, तुम्ही हसू नका.

त्या दिवशी तुम्ही अर्धेच ऐकलेत. मी दवाखान्यातून आले, अजून पाय धुवायचे होते. तुम्ही विचारलेत, ‘काय म्हणाली डॉक्टरीण?’ मी म्हटले, ‘आत्याबाई, ती उष्णता नव्हती हो. ते दर महिन्याचेच आहे, वाट चुकून लघवीतून येते.’ झाले! पुढचे काही तुम्ही ऐकलेच नाहीत. भिंतीला हात टेकून म्हणालात, ‘म्हणजे ह्यांच्या श्राद्धाला तू...’ आणि देवांची पेटी आवरायला घेतलीत. मी बोलत होते, तुम्ही ताम्हन पुसत होता. मग आता नीट ऐका, इथे मला कुणी मधे तोडणार नाही.

विजीच्या वेळी तिचे डोके अडकले. कळा येऊन येऊन मी थकले, तरी ती हलेना. शेवटी पोट कापून तिला काढली. तुम्हाला सगळे माहीत आहे, तुम्ही दवाखान्याच्या फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली छत्री घेऊन बसला होता. दवाखाना म्हणजे सगळा विटाळ, म्हणून आत आला नाहीत. पण घरीही गेला नाहीत.

डॉक्टरअम्मांनी मला चित्र काढून दाखवले. मी आपल्या घरातल्या भाषेत सांगते. बाईच्या पोटात दोन पिशव्या एकमेकींना लागून असतात, मागे मुलाची नि पुढे लघवीची. डोके अडकून राहिले तेव्हा दोन्हींच्या मधली जागा चेचली गेली, आणि कापताना शिवताना कुठेतरी दोघींना मिळून एक भोक राहून गेले. आपल्या नि वसंतामामींच्या घरामधे ती लहान खिडकी आहे ना, ज्यातून त्या कढीपत्ता मागतात, तसे. मग महिन्याचे जे आपल्या दाराने जायचे ते त्या खिडकीतून शेजारी जाते आणि लघवीबरोबर बाहेर पडते. दाराने काहीच येत नाही. उलट लघवी मात्र इकडे गळत नाही, कपडा कोरडा राहतो. मग मला कसे कळावे? लाल दिसले की मी उष्णता समजून बार्लीचे पाणी प्यायचे, तुम्ही शहाळे आणवायचात. बाळ पितेय तोवर महिना लांबतो, असे तुम्हीच म्हणालात. सून एकदाही बाहेर बसत नाही, रोज मडीने, सोवळ्यात चुलीपाशी असते, म्हणून वसंतामामींपाशी माझी वाखाणणीही केलीत. मी खिडकीतून ऐकले होते!

असे फार थोड्या बायकांना होते म्हणे. मला कुणाचा राग येत नाही. ज्या हातांकडून ते भोक राहिले त्याच हातांनी विजीला जिवंत बाहेर काढले. मी वाचले, ती वाचली. माझे वजनही वाढले आहे.

आता श्राद्धाचे. मामंजींच्या श्राद्धाचा स्वयंपाक मी ओलेत्याने केला, तुमच्या डोळ्यांदेखत केला, आणि वडे चांगले झाले होते. मला ठाऊक असते तर मी चुलीच्या आसपास तरी गेले असते का? तुम्हाला वाईट वाटले त्याचे मला वाईट वाटते, अगदी मनापासून. पण क्षमा मागायची तर कशाची मागू? आजारी पडल्याची? ती मी नाही मागणार. तशी मागितलेली तुम्हालाही आवडणार नाही.

जाताना तुम्ही म्हणालात, ‘तुझ्या हातचे आता मला कसे जाईल ग?’ ते माझ्या मनातून निघत नाही. बाकी काहीही बोलायचे होते. लग्न होऊन आले तेव्हा मला रसमसुद्धा येत नव्हते, हा हात तुम्हीच शिकवला आहे.

विजीला खालचे दोन दात आलेत. ती तुमच्या रिकाम्या पाटावर चढून बसते. परत या.

वेणी


तिरुवल्लिकेणी
२१ फेब्रुवारी १९६१

ती. आत्याबाईंना,

उत्तर आले नाही. येईल असे वाटलेच नव्हते, तरी पोस्टमन दिसला की मी दाराशी जाते. तो बिचारा आता लांबूनच ‘इल्लै अम्मा’ म्हणून हात हलवतो.

मागे डॉक्टरअम्मांना नुसता संशय होता. आता खात्री झाली. तो संशय कसा आला ते तुम्हाला सांगायचेच राहिले. त्यांनी विचारले, हे लाल कधी कधी येते? मी म्हटले, येते तेव्हा येते. मग मला तुमचे बोलणे आठवले. वैकुंठ एकादशीच्या दिवशी तुम्ही मला शहाळे देताना कुरकुरला होता, ‘ही तुझी उष्णता काय ग पंचांग बघून येते? मागच्या खेपेलाही एकादशीच होती, त्याच्या आधीही. माझ्या उपासाच्या दिवशी बरे तुला शहाळे लागते!’ मी हसत हसत हेच सांगितले. डॉक्टरअम्मा हसल्या नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारले, ‘तुमच्या घरी बाहेर बसतात ना? तू शेवटची कधी बसलीस?’

तुमचे नाव त्यांना सांगितले आहे. त्यांना तुम्हाला भेटायचे आहे. मी म्हटले, त्या दवाखान्याची पायरी चढत नाहीत. तर म्हणाल्या, मी फाटकापाशी येईन.

परवा परीक्षा झाली. गर्भाच्या पिशवीत खालून निळे औषध सोडले, आपण कपड्यांना नीळ घालतो ना, दिसायला तस्सेच. थोड्या वेळाने म्हणाल्या, जा, लघवी करून भांडे घेऊन ये. आत्याबाई, भांड्यात निळेशार पाणी! मी तर घाबरून ओरडलेच. बाहेर सात-आठ शिकाऊ डॉक्टरिणी उभ्या होत्या, सगळ्यांनी येऊन ते भांडे पाहिले. एकीने तर मला ‘थँक यू’ म्हटले. मिसर देशातल्या कुणा डॉक्टराने चारच वर्षांपूर्वी ह्या दुखण्यावर लिहिले आहे, आणि आमच्या डॉक्टरअम्मांनी ते वाचले होते. नाहीतर मी जन्मभर बार्ली पीत बसले असते.

घरी येऊन ह्यांना सांगितले. ह्यांनी हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले. मग म्हणाले, ‘कृष्णवेणी म्हणून नदीचे नाव ठेवले तेव्हा तुझ्या अप्पांना पुढचे दिसत असावे.’ लग्नाला पाच वर्षे झाली, तुमच्या चिरंजीवांनी केलेला हा पहिला विनोद. मी पोट धरून हसले, आणि मग थोडी रडलेही. तुम्ही असता तर म्हणाला असता, दोन्ही एकदम करू नये, बाळाला दूध बाधते.

स्वयंपाक मी करते. हे जेवतात, विजी मऊ भात खाते. मी देवांपुढे दिवा मात्र लावत नाही, हेच लावतात. तुमचे मन राखायला म्हणून लावत नाही, माझ्या मनात काही नाही. देवाला माझ्या पोटातले आधीपासून ठाऊक होते, आणि त्याने एकदाही दिवा विझवला नाही.

वेणी


तिरुवल्लिकेणी
७ मार्च १९६१

ती. आत्याबाईंना,

थोरल्या भावोजींचे पत्र आले. तुम्ही दत्तोपंत शास्त्रींना ‘एका ओळखीच्या घरची गोष्ट’ म्हणून विचारलेत, आणि त्यांनी सांगितल्यावरून मामंजींचे श्राद्ध भावोजींकडून पुन्हा करवलेत, हे कळले. भावोजींना कारण कळले नाही, त्यांना वाटते तुम्हाला स्वप्न पडले. बरे केलेत. मी हे कुजकेपणाने लिहीत नाही हं. मामंजींना मी पाहिले नाही, पण पायसम त्यांना फार आवडायचे असे तुम्हीच सांगता. यंदा दोनदा जेवले. माझे वडे त्यांनी परत केले असतील तर तुमच्या हातचे खाल्ले असतील, उपाशी कुणी राहिले नाही.

मग आता राग कशाचा उरला? हे मी विचारतेच आहे.

इथली बातमी ही. वीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टरअम्मांनी आम्हा दोघांना बसवून सांगितले की दोन वाटा आहेत. एक सोपी. गर्भाची पिशवीच काढून टाकायची, मग महिन्याचे काही नाही, भोकाची कटकट नाही. दुसरी अवघड. दोन्ही पिशव्या वेगळ्या करायच्या, दोन्हींना वेगळे टाके घालायचे, जमले तर सगळे पहिल्यासारखे, आणि न जमले तर पुन्हा लाल पाणी आणि पुन्हा पोट कापणे. हे म्हणाले, ‘तू म्हणशील तसे.’ मी म्हटले, मला अवघड वाट हवी.

आत्याबाई, तुम्हाला म्हणून खरे सांगते. सोपी वाट क्षणभर मनात आली होती, आणि ती तुमच्यामुळे आली होती. पिशवीच नसली म्हणजे विटाळ नाही, कधीच नाही. तिन्ही त्रिकाळ मडी! तुम्हाला हवी तशी सून, म्हातारी होईपर्यंत चुलीपाशी. मग आत्याबाई आपसूक परत येतील. असा मी रात्रभर विचार केला. सकाळी उठून स्वतःलाच म्हटले, काय ग खुळे, सासूला परत आणायला कुणी पोट रिकामे करते का? विजीला भाऊ हवा, बहीण हवी. आणि हसू नका, मला बाहेरही बसायचे आहे. मागच्या खोलीत चटई टाकून पडायचे, दर आठवड्याची तमिळ वारपत्रिका वाचायची, कुणी पाणी मागायचे नाही, कुणी कुकर बघ म्हणायचे नाही, आणि तुम्ही लांबून ताट सरकवून ‘आणखी भात हवा का ग?’ विचारायचे. माझ्या माहेरी आई नाही, मला आयते ताट तेवढ्याच दिवसांत मिळायचे. विजी झाल्यापासून ते नाही. तुम्हाला सून रोज चुलीपाशी दिसत होती, मी मात्र दमून जात होते.

दवाखान्यात तीन-चार आठवडे राहावे लागेल. विजीला वसंतामामी सांभाळते म्हणतात, त्यांची सून माहेरी गेली आहे. म्हणजे विजीसाठी तुम्ही यायलाच पाहिजे असे नाही. तुमच्या चिरंजीवांना भात येतो, रसम येत नाही, पण ते हॉटेलात जेवतील. त्यांच्यासाठीही यायला नको.

माझ्यासाठी या. मी बोलावते आहे. फाटकाबाहेर बसा, छत्री घेऊन बसा, माझ्याशी बोलू नका, चालेल. आत टेबलावर पडल्यावर बाहेर कोण बसले आहे ते मला ठाऊक असायला हवे.

वेणी


दवाखाना
१९ मार्च, संध्याकाळ

ती. आत्याबाईंना,

उद्या सकाळी नेतील. मी मजेत आहे, शेजारच्या खाटेवरच्या बाईला जुळे झाले आहे, तिच्याकडे बघता बघता दिवस गेला. नर्सबाई केरळातल्या आहेत, त्या माझ्या वेणीला ‘अस्सल’ म्हणाल्या. ह्यांनी सही केली.

मजेत आहे असे लिहिले, ते तितकेसे खरे नाही. भीती वाटते. विजीला मामींकडे सोडून आले तेव्हा ती रडलीसुद्धा नाही, मुरुक्कू चघळत बसली होती. मीच जिन्यात रडले.

हे पत्र पोचेल तेव्हा सगळे होऊन गेलेले असेल. तरी लिहिते. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला झोप येणार नाही.

वेणी


दवाखाना
२९ मार्च १९६१

आत्याबाई,

हे पोस्टाने नाही, डब्याच्या झाकणात घालून पाठवते आहे. तुमचे चिरंजीव पोस्टमन.

रसम तुमचे आहे! पहिला घोट घेतला आणि मला कळले. वसंतामामी टोमॅटो घालतात, ह्यात नुसती चिंच, मिरी नि जिरे. मी ह्यांच्याकडे पाहिले. हे खिडकीबाहेर कावळा बघत उभे! म्हटले, ‘कोण आले आहे?’ तर म्हणाले, ‘सांगू नकोस म्हणाली आहे.’ मग त्यांना उलटसुलट विचारून सगळे काढून घेतले. तुम्ही एकोणीस तारखेच्या गाडीनेच निघालात. माझे शेवटचे पत्र तंजावरला जात होते नि तुम्ही इकडे येत होता. वीसला सकाळी एग्मोर स्टेशनवरून परस्पर इथे आलात, आणि मला आत नेले तेव्हा फाटकाबाहेर बसला होता. मला कुणी सांगितले नाही! एवढी मोठी बातमी दहा दिवस लपवून ठेवता येते ह्या माणसाला, आणि मी ह्यांना भोळे समजत होते.

आत्याबाई, मी फार खूष आहे. इतकी की नर्सबाईंनी ताप पाहिला.

ऑपरेशन चांगले झाले असे डॉक्टरअम्मा म्हणतात. खिडकी दोन्ही बाजूंनी बुजवली आणि पुन्हा उघडू नये म्हणून मधे पोटातल्याच चरबीची घडी ठेवली. मला लघवीची नळी लावली आहे, खाटेखाली बाटली. पहिल्यांदा पाणी गुलाबी होते, मग चहासारखे, आज शहाळ्यासारखे. नर्सबाई रोज सकाळी बाटली उचलून अख्ख्या वॉर्डाला रंग सांगतात आणि सगळ्या बाया ‘नल्लदु, नल्लदु’, छान छान म्हणून माना डोलावतात. इतकी लाज मी आयुष्यात कधी सोडली नव्हती. सोडल्यावर बरे वाटते.

पण खरे काय ते नळी काढल्यावर, आणि त्याहून पुढे, पाळी येईल तेव्हाच कळणार. दाराने आली तर जमले. खिडकीतून आली तर नाही.

हे म्हणतात तुम्ही एकच निरोप दिलात, ‘मीठ बरोबर आहे का विचार.’ मीठ बरोबर आहे. पण कूटूच्या भाजीत खोबरे कमी पडले. मी आजारी आहे म्हणून खोटे बोलणार नाही.

विजीने तुम्हाला ओळखले का? नाही ओळखले तर वाईट वाटून घेऊ नका, ती आता मलाही ओळखणार नाही.

वेणी


तिरुवल्लिकेणी, मागची खोली
२३ मे १९६१

आत्याबाई,

तुम्ही ह्या क्षणी नहाणीत आहात आणि मी तुमच्यापासून दहा पावलांवर बसून तुम्हालाच पत्र लिहिते आहे. वेड लागले म्हणा. पण आज सकाळी जे झाले ते तुम्ही उद्या साफ नाकाराल, ‘मी? छे ग!’ म्हणाल. म्हणून तारीख घालून लिहून ठेवते.

मी घरी आल्याला महिना होऊन गेला. महिनाभर तुम्ही माझे सगळे केलेत. पोटाला पट्टा बांधलात, लेह्य करून चाटवलेत, विजीला न्हाऊ घातलेत. आणि माझ्याशी सरळ एक शब्द बोलला नाहीत! सगळे विजीमार्फत. ‘विजी, तुझ्या आईला सांग, उन्हात उभी राहू नको.’ ‘विजी, तुझ्या आईला विचार, ताक हवे का.’ विजीला बोलता येत नाही, तरी तिच्याइतके निरोप मद्रासच्या तार ऑफिसात कुणी पोचवले नसतील. मीही तिच्याचमार्फत उत्तर देत होते. मला गंमत वाटत होती, पण एका गोष्टीची गंमत वाटत नव्हती. चुलीपाशी तुम्ही मला येऊ देत नव्हता. मी उठले की पळी तुमच्या हातात. आराम कर म्हणून की तुझ्या हातचे जात नाही म्हणून, ते तुम्ही सांगत नव्हता आणि विचारायचा मला धीर होत नव्हता.

एप्रिल कोरडा गेला. डॉक्टरअम्मा म्हणाल्या, थांब, शरीराला धक्का बसला आहे. मी थांबले. रोज सकाळी पांढरे भांडे घेऊन परसात जायचे. तुम्हीही त्या वेळी नेमक्या तुळशीपाशी काहीतरी करत असायचात. विचारायचा नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचात आणि परत आत जायचात.

आज सकाळी मी परसातून ओरडले, ‘आत्याबाई, शिवू नका, शिवू नका! मला कावळा शिवला!’ वसंतामामींच्या घरापर्यंत ऐकू गेले असणार.

तुम्ही नुकत्या न्हाऊन, मडीचे नेसून, देवाचे पाणी भरत होता. कळशी तिथेच ठेवलीत. विजी तुमच्या कडेवर नव्हती, मधे कुणीच नव्हते. विचारलेत, ‘लघवी?’

मी म्हटले, ‘स्वच्छ.’

‘नीट पाहिलेस?’

‘पाहिले. पांढऱ्या भांड्यात धरून पाहिले. पाण्यासारखी आहे, आत्याबाई. आणि इकडे दाराने...’

पुढचे तुम्ही ऐकलेच नाहीत. तुम्हाला मधे तोडायची सवयच आहे. चार ढांगांत आलात, माझे तोंड दोन्ही हातांत धरलेत, गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडलीत. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि तुम्ही म्हणत होता, ‘माझी वेणी ग, माझी वेणी.’ मी आयुष्यात इतकी सुखी कधी झाले नव्हते. विजी झाली तेव्हा मी शुद्धीवरच नव्हते, त्यामुळे तेही ह्यात धरत नाही.

मग मलाच आठवण झाली. म्हटले, ‘आत्याबाई, शिवलात हो! मडीचे आहे.’

तुम्ही आपल्या हातांकडे पाहिलेत, माझ्याकडे पाहिलेत, आणि डोळे पुसून म्हणालात, ‘शिवले तर शिवले. नहाणी काय पळून गेली आहे?’

आणि नहाणीच्या दारापाशी थांबून, मागे न बघता: ‘चौथ्या दिवशी न्हालीस की चूल तुझी. ह्यांना वडे तुझ्याच हातचे आवडले असणार. तंजावरचे मी केलेले कडक झाले होते.’

तुम्ही असे म्हणालात. मी एक अक्षरही वाढवलेले नाही.

आता हा कागद उंबरठ्याशी ठेवते. मी बाहेर बसलेल्या हाताने लिहिला आहे, तेव्हा उचलाल की नाही ते तुमचे तुम्ही पाहा. उचललात तर आज तिसरे स्नान होईल, आणि मला मात्र आत्ताच्या आत्ता भात हवा आहे, तुमच्या हातचा, भरपूर, मला फार भूक लागली आहे.

वेणी